गाडीचा खरेदीदार

माझ्या नवऱ्याला माणसं ओळखता येतात, असं त्याचंच म्हणणं आहे. म्हणून जुनी गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याने गाडी बघितलीच नाही, गाडीवाला बघितला. निवृत्त मुख्याध्यापक, स्वतः दार उघडायला आलेले. अशा माणसाला गाडीबद्दल खोदून विचारणं म्हणजे त्याचा अपमान, हे त्याने मला जिन्यातच बजावलं होतं.

गाडी हवी होती मला. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरी जाऊन मी त्यांच्याकडून व्यायाम करून घेते, आणि बसमधून यंत्रं वाहून माझाच खांदा कामातून गेला होता. पैसे माझे, गाडीही माझ्याच नावावर होणार होती. बोलायचं काम तेवढं त्याने घेतलं.

बैठकीत शिक्षणाच्या घसरलेल्या दर्जावर दोघांनी गळा काढला, तेव्हा मी रिकामे कप घेऊन स्वयंपाकघरात गेले. मुख्याध्यापकांची बायको हळूच म्हणाली, "गाडी पुरात बुडाली होती. इंजिन खोलावं लागलं. हे बोलणार नाहीत, पण तुम्ही घेताय म्हणून सांगते."

मी ते तिथल्या तिथे नवऱ्याच्या कानावर घातलं. बायकांच्या गप्पांवर व्यवहार होत नसतात, असं म्हणून त्याने सौदा पक्का केला.

महिन्याभरात गाडीने भर चौकात मान टाकली. गॅरेजवाल्याने इंजिनातला गाळच दाखवला. नवरा मला घेऊन तरातरा वकीलबाईंकडे गेला. त्यांनी सांगितलं, की घरगुती विक्रीत गाडीची हमी नसते, पण मुद्दाम लपवून फसवलं असेल तर पैसे परत मागता येतात. पुराचं आधी कोणी सांगितलं होतं का?

"मुख्याध्यापकांनी चकार शब्द काढला नाही," नवरा म्हणाला आणि माझ्याकडे डोळे वटारून बघू लागला.

पैसे मलाही हवे होते. पेशंट तुटत चालले होते. पण त्यासाठी त्या घरातल्या खरं बोलणाऱ्या एकमेव बाईला खोटं पाडायचं, याचा मला संताप आला.

"मला सांगितलं होतं," मी म्हणाले. "त्यांच्या बायकोने. आणि मी यांना."

मग दावा उभा राहत नाही, वकीलबाई म्हणाल्या. खरेदीदाराला आधीच माहीत होतं.

"पण त्यांनी मला कुठे सांगितलं?" नवरा चिडला.

"तुम्हाला कशाला सांगतील?" वकीलबाई म्हणाल्या. "तुम्ही या व्यवहारात कोणीच नाही."