नर्सबाईंचं स्टूल

मास्तर आठवडाभर तापाने घरी पडून होते. परत आले तर सुतारशाळेत सगळं जिथल्या तिथे. ज्या फळीवर ते पेन्सिलीने रेघ मारून गेले होते, ती फळीही तशीच. शिकणारे मात्र रोज येऊन, गप्पा मारून घरी जात होते.

"तुम्ही नव्हता, मास्तर. कापायचं कसं?" नर्सबाई म्हणाल्या.

नर्सबाई इस्पितळातून निवृत्त होऊन हौसेने इथे आलेल्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय जन्मात सुई टोचली नव्हती, तीच सवय इथेही. घडीघडी "मास्तर, हे बरोबर?" मास्तरही आजवर उत्तरं देत आले होते. कुणाचा रंधा अडला की स्वतःच मारायचे, वाकडा सांधा हातासरशी सरळ करून द्यायचे. प्रदर्शनातली सगळी स्टुलं एका आईची लेकरं वाटायची. वाटणारच, सगळी मास्तरांनीच केलेली.

त्या दिवशी ते खुर्चीत बसले. अंगात त्राण नव्हतं, मनातही.

"आजपासून मी सांगणार नाही. बोटं तेवढी सांभाळा. लाकूड काय, पुन्हा मिळतं."

नर्सबाईंचं स्टूल उभं राहिलं आणि डुगडुगलं. त्यांनी एक पाय करवतीने जरासा कापला. मग ते दुसऱ्या बाजूला कललं. दुसरा पाय कापला. खोट फरशीत होती. त्यांच्या कोपऱ्यातली फरशी खचलेली. मास्तरांना ते दिसत होतं. हात शिवशिवायला लागले तसे त्यांनी ते मांडीखाली घातले. संध्याकाळपर्यंत स्टुलाचा पाट झाला, डुगडुगणं काही थांबेना. वैतागून बाईंनी ते उचललं आणि दाराशी, सपाट फरशीवर आपटलं. तिथे ते एका बाजूला कललं ते कललंच. इतक्या वेळात कापाकापी करून पाय खाली-वर झाले होते.

बाई खाली बसल्या. कोपऱ्यातल्या फरशीवर त्यांनी एक सरळ पट्टी ठेवून पाहिली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि बघत बसलात?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाई. आधी जमीन बघा. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या."

"मग पुन्हा सांगायचं!" पिशवी उचलून त्या तरातरा निघून गेल्या.

घरी बायकोने विचारलं, "दिवसभर बसूनच होतात ना? मग असे पिळून काढल्यासारखे का?"

"गप्प बसलो होतो."

"आणि त्या परत आल्याच नाहीत तर?"

दोन-तीन दिवस नर्सबाईंची जागा रिकामीच होती. प्राचार्य म्हणाले, "या वयात माणूस चटकन खचतं हो. जरा हात धरला असता तर काय बिघडलं असतं?" मास्तरांनाही आता तसंच वाटायला लागलं होतं.

मग एका सकाळी बाई आल्या. नमस्कार नाही, काही नाही. नवं लाकूड घेतलं आणि कामाला लागल्या. दिवसभरात एकदाही "हे बरोबर?" नाही. बाकीचे घरी गेले, मास्तर कुलूप हातात घेऊन उभे राहिले, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

"या सांध्यात फट राहिलीय. चालेल?"

"तुम्हाला काय वाटतं?"

बाईंनी सांधा हलवून पाहिला, डोळ्यांजवळ धरला. "नाही चालणार."

त्यांनी उसासा टाकला आणि हातोडीने सांधा ठोकून मोकळा केला. म्हणजे अजून तासभर तरी. मास्तरांची पाठ ठणकत होती. त्यांनी कुलूप टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढली.