अकरमभाऊंच्या एकसष्ट याद्या

हिवाळा लागला की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात, आणि नाटकं सुरू झाली की वडशाच्या अकरमभाऊंना पाठ टेकायलाही फुरसत मिळत नाही. त्यांचं ड्रेपरीचं दुकान. राजाच्या अंगरख्यापासून सासूच्या लुगड्यापर्यंत सगळे कपडे, वरून तलवारी, मिशा आणि टोप, असं सगळं ते नाटक कंपन्यांना पुरवतात. त्यांच्या अब्बांनी दुकान उघडलं त्याला चाळीस वर्षं झाली, आणि या चाळीस वर्षांत इथल्या कपड्यावाचून एकाही गावातला परदा अडला नव्हता. ही गोष्ट अकरमभाऊ गिऱ्हाइकाला चहा यायच्या आधी एकदा आणि चहा आल्यावर एकदा ऐकवत.

यंदा मात्र त्यांची फुरसत फोननं खाल्ली. दसऱ्याला लेक इकरा नागपूरच्या होस्टेलातून आली आणि जाता जाता बापाच्या फोनमध्ये कामाच्या याद्या करायचं एक अॅप टाकून गेली. "अब्बा, आता अम्मीचं डोकं खाऊ नोका," ती म्हणाली, "सगळं याच्यात लिहा." पोरीनं चांगल्या मनानं सांगितलं हो! बाप ते इतकं मनावर घेईल हे तिला तरी काय माहीत.

त्याआधी या दुकानाची यादी म्हणजे निशात, अकरमभाऊंची बायको. कापड बेतायची ती, शिवायची ती, आणि कोणत्या नाटकाचं काय कोणत्या पेटीत आहे तेही तिच्याच डोक्यात. दिवसातून चाळीस वेळा हाक यायची, "निशात, लाल शालू कुठी हाये?" मशीनवरची मान वर न करता ती सांगायची, "फौजदाराच्या पेटीत, तळाशी. बाही उसवली हाये त्याच्या झंपराची, आधी माह्याकडे आणा." आणि वर पुटपुटायची, "डोकं खाऊन टाकलं बाई या माणसानं." या घरात पाहुण्यांशी हिंदी बोलत, बाजारात झाडी बोली, आणि भांडताना दोन्ही.

अॅप आलं आणि हाका थांबल्या. पहिल्या आठवड्यात अकरमभाऊंनी नाटकागणिक एक यादी केली. इथवर ठीक होतं. मग कंपनीगणिक झाली, गावागणिक झाली. मग दुधाची, किराण्याची, रिचार्जची. एक यादी दुरुस्तीच्या मशीनींची होती, आणि मशीन दुकानात एकच होती. बेचाळिसावी यादी होती 'ज्या याद्या नीट लावायच्या आहेत त्या'. यादीवर बोट दाबून धरलं की ती उचलता येते आणि कुठेही नेऊन सोडता येते, हे कळल्यापासून तर विचारूच नका. सकाळी हिरव्या गटातली यादी दुपारी निळ्या गटात जायची आणि संध्याकाळी परत यायची. 'सासुरवाड' नावाची यादी 'नंतर पाहू' या गटात गेली ती तिथंच राहिली. दिवाळी सरली तोवर याद्या एकसष्ट झाल्या होत्या.

"अजी, मी कोणत्या गटात हावो?" निशातनं एकदा हसत विचारलं.

अकरमभाऊंनी चष्मा सावरला आणि खरंच शोधलं. "घर या गटात. किराणाच्या खाली, गॅस सिलेंडरच्या वर."

"वर हावो ना, मंग ठीक हाये," ती म्हणाली, आणि हसली. पण आत मशीनवर जाऊन बसल्यावर तिला हसू आलं नाही. दसऱ्यापासून या माणसानं आपल्याला एक गोष्ट विचारली नाही. आपण बावीस वर्षं जे डोक्यात सांभाळलं ते एका फोनमध्ये मावलं, आणि आता आपलं काम फक्त सुईचं. तिला वाईट वाटलं, आणि असल्या गोष्टीचं वाईट वाटतं याचा राग आला. मग तो राग तिनं एका मावळ्याच्या पायजम्यावर काढला आणि नाडी उलटी घातली.

पटाचा दिवस आला. पट म्हणजे बैलगाड्यांची शर्यत, आणि ज्या गावात पट त्या गावात रात्री नाटक. त्या दिवशी पाच गावांत पट होते, म्हणजे पाच नाटकं, पाच कंपन्या, पाच गाड्या. आदल्या दिवशी अकरमभाऊ फोन घेऊन बसले होते आणि त्यांना एक गोष्ट खटकली. साड्या पाचही याद्यांत. मिशा पाचही याद्यांत. तीच तीच गोष्ट पाच ठिकाणी कायले? हे तर अडाणीपणाचं काम झालं! मग त्यांनी दिवसभर खपून पाचही नाटकांच्या याद्या उपसल्या आणि सामान जातीजातीनं लावलं. शस्त्रं एका यादीत. साड्या एका यादीत. वर्द्या, म्हणजे पोलिसांचे कपडे, एका यादीत. धोतरं-अंगरखे एका. मिशा, दाढ्या, टोप एका. पाच याद्या, पाच रंग, सगळ्यांवर ताऱ्याची खूण. जेवायला हाक मारली तरी ते उठले नाहीत, नुसते फोनकडे पाहून हसत होते. निशातनं मनात म्हटलं, सवत असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

पटाच्या सकाळी पेट्या भरायला निशात नेहमीसारखी अंगणात आली.

"तू बस आराम कर," अकरमभाऊ म्हणाले. "सगळं यादीत हाये."

निशातनं आत जाऊन मशीन मोठ्यानं चालवायला सुरुवात केली.

आता या दुकानाचा अब्बांच्या काळापासूनचा एक रिवाज होता. एक यादी, एक पेटी, एक गाडी. कागदाच्या जमान्यात तो कागद पेटीच्या झाकणाला चिकटवत. वीस वर्षं पेट्या भरणारा सुकलू झोपेतही असाच भरला असता. अकरमभाऊ खुर्चीवर बसून यादी वाचत होते, सुकलू टाकत होता, आणि वस्तू पडली की अकरमभाऊ फोनवर टिचकी मारत. बरोबरची खूण उमटली की त्यांना फार बरं वाटायचं.

पाचव्या पेटीपाशी सुकलू थांबला. "भाऊ, साऱ्या मिशा एकाच पेटीत?"

"यादीत हाये का नाई?"

"हाये तं."

"मंग टाक ना बावा!"

सुकलूनं टाकल्या. अकरा वाजता पाचही गाड्या गेल्या आणि अकरमभाऊंनी फोन छातीशी धरून एक डुलकी काढली.

पहिला फोन दोन वाजता आला, सावलीकडच्या गावातून. अकरमभाऊ फोन कधी कानाला लावत नसत, कारण मग याद्या दिसत नाहीत, त्यामुळे बोलणं आतल्या खोलीपर्यंत ऐकू आलं. बोलत होत्या नीलाबाई, तीस वर्षं रंगभूमीवर सासूचं काम करणाऱ्या.

"अकरमभाऊ, पेटी उघडली मी. एकवीस तलवारी, चार बंदुका अन् एक गदा हाये. साडी एक नाई. मी आज सासू हावो का सेनापती, तेवढं सांगा."

निशातची मशीन थांबली.

दुसरा फोन मूल गावाकडचा. तिथं डाकूचं नाटक, आणि पेटीत चौतीस साड्या. "डाकू पदर खोचून लुटतीन का, भाऊ?" तिसरा आरमोरीकडून. पोलिसाचं नाटक, आणि फौजदारासाठी निघाला अंगरखा. चौथा ब्रह्मपुरीकडून. ऐतिहासिक नाटक, आणि मावळ्यांना खाकी वर्दी, शिट्टीसकट. पाचव्या, सिंदेवाहीकडच्या मॅनेजरला तर धड बोलताही येईना. त्याच्या घरगुती नाटकाला त्र्याहत्तर मिशा मिळाल्या होत्या.

अकरमभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. ते फोनवर बोटं फिरवत राहिले, हा गट उघड, तो मिट, ही यादी वर ने, ती खाली. जसं काही इथं साडी सावलीच्या यादीत सरकवली की तिकडं नीलाबाईंच्या अंगावर जाईल. रात्री नऊला परदे उघडायचे होते. कपाळावर हात मारून ते एवढंच म्हणाले, "अब्बांचं नाव गेलं."

निशात दारात उभी होती. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिला बरंच वाटलं. बरं झालं, विचारा म्हणावं आता फोनला! पण अब्बांचं नाव म्हणजे तिचंही नाव होतं. तिनं बावीस वर्षं डोळे फोडून शिवलेले कपडे होते ते. तिनं पदर खोचला आणि हात पुढं केला.

"द्या इकडे."

"कोणती यादी उघडू?" अकरमभाऊंनी विचारलं.

"यादी नाई. फोन लावा नीलाबाईले."

मग तिनं सुरू केलं आणि अकरमभाऊ नुसते पाहत राहिले. "नीलाबाई, तुमचं गाव अन् डाकूवाल्याईचं गाव, मधात दहा-बारा किलोमीटर. तुमची गाडी शस्त्रं घेऊन निघू द्या, त्यायची साड्या घेऊन. अध्ध्या रस्त्यात बदला. डाकूच्या नाटकात दोनच बाया हायेत, त्यायच्यासाठी चार साड्या तिथंच ठेवा म्हणावं, जांभळी सोडून. जांभळी तुमची हाये, तिसऱ्या अंकातली, सून पाया पडते तेव्हाची." पलीकडून नीलाबाई म्हणाल्या, "अगं बाई, मलेच याद नोयती." लगेच आरमोरी आणि ब्रह्मपुरी. "तुमी वर्द्या घेऊन निघा अन् तुमी अंगरखे. वैनगंगेच्या पुलावर भेटा. फौजदाराची टोपी वर्दीच्या खिशात दुमडली हाये, हरवली म्हणून बोंबलू नोका." ऐतिहासिकवाल्यांच्या तलवारी सावलीत अडकल्या होत्या. माळ्यावर चार जुन्या पडल्या आहेत हे तिलाच ठाऊक. त्या आणि राणीसाठी दुकानातला एक जादा शालू बांधून सुकलू मोटारसायकलवर ब्रह्मपुरीकडे सुटला.

राहिलं सिंदेवाही. तिथं पोचवायला ना कपडे होते, ना वेळ. निशातनं मॅनेजरला विचारलं, "तुमच्या नाटकात कोण कोण हाये? शेतकरी, त्याची बायको, भाऊ, भावजय, सावकार. हेच ना? मंग गावात काय कमी हाये? पटाचा दिवस हाये, घरोघरी पाहुणे हायेत, बायाईनं नव्या साड्या काढल्या असतीन. मंडळाच्या बायाईले बोलवा अन् हात जोडून मांगा. धोतर कोण्याही बुढ्याजवळ भेटन. अन् मिशा तुमच्यापाशी त्र्याहत्तर हायेतच." बाकीच्या चार गावांना तिनं सांगून टाकलं की उरलेले साधे कपडे तुमीही गावातून मांगा आणि मिशी काजळानं काढा, मागे बसणाऱ्याले काय दिसते!

संध्याकाळपर्यंत एकेक फोन येत गेला. साड्या पोचल्या. वर्द्या पोचल्या, एक शिट्टी पुलावरून नदीत पडली. सिंदेवाहीला अकरा साड्या जमा झाल्या आणि कोणाची साडी नायिकेनं नेसायची यावरून दोन जावांचं वाजलं, एवढंच. सगळे फोन "बाईले द्या" असंच म्हणत होते, आणि अकरमभाऊ निमूटपणे देत होते. साडेआठला पाचवा फोन आला. पाचही गावांत रंगभूषा सुरू होती. कुठलाही परदा अडणार नव्हता.

निशातनं फोन चटईवर ठेवला आणि ती तिथंच बसली. सकाळपासून आवरलेलं सगळं एकदम वर आलं.

"दसऱ्यापासून एक गोष्ट विचारली का तुमी मले?" ती म्हणाली. "एक! आज तं म्हणता, बस, आराम कर. म्या काय मांगितला होता आराम?"

अकरमभाऊ खरोखरच गोंधळले. त्यांच्या मनात काळं नव्हतं. "मले वाटलं तुले त्रास होते," ते म्हणाले. "तूच तं म्हणत होती ना, डोकं खाऊन राह्यले म्हणून. रोज म्हणत होती."

"म्हणत होती," निशात म्हणाली. "अन् सांगत बी होती का नाई?"

अकरमभाऊंनी चष्मा सावरला. ते तिच्याकडे पाहत राहिले. तिच्या डोळ्यांखाली सुईकामाची काळी वर्तुळं होती, ती त्यांनी किती दिवसांत पाहिली नव्हती हे त्यांचं त्यांनाच आठवेना. लाज वाटली बिचाऱ्याला. ते चटईच्या कडेचा दोरा ओढत बसले.

"उद्या सहा गाड्या हायेत," शेवटी ते म्हणाले. "सांग."

निशातनं डोळे पुसले, पाय लांब केले आणि पहिल्या नाटकापासून सुरुवात केली. "चिमूरच्या कंपनीचं आधी. त्यात राजा दोन अंगरखे घालते, पयला हिरवा..."

अकरमभाऊंचा हात सवयीनं फोनकडे गेला.

"लिहा मंग," ती म्हणाली. "आधी आयका."