चौदा नापास गाड्या

इकडे हिंदी मुलखात, सैन्याच्या ट्रकांच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं तपासनीस होतो. माझी सही झाल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर पडत नसे, आणि माझी सही सहजासहजी होत नसे. साहेब चिडायचे, कामगार पाठीमागे नावं ठेवायचे, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा यायची. निवृत्त झालो तरी खोड काही गेली नाही. घरात वरण झालं की मी आधी त्यात खोट काढतो, मग भुरके मारत जेवतो. माझ्या बायकोनं, अंजनीनं, हे सगळं चाळीस वर्षं हसण्यावारी नेलं.

यंदा उन्हाळ्यात तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. विजय नगरातल्या आमच्या घरापासून दवाखाना जेमतेम चार किलोमीटर. घरात गाडी आहे, पण ती घेऊन आमचा दिवाकर सकाळी सातलाच कुंडमला जातो, तिथल्या बँकेत. मोबाइलवरून टॅक्सी बोलवावी, तर इतकं जवळचं भाडं बघून ती येतच नाही. उरला ऑटो. जाताना एकवेळ ठीक, पण येताना तिच्या अंगात त्राण नसतं आणि रस्त्यातला एकेक खड्डा तिच्या पोटात जातो.

"बाबा, एक छोटी सेकंडहँड गाडी घेऊन टाका," दिवाकर म्हणाला. "जाऊन-येऊन आठ किलोमीटर तर जायचं आहे. पेट्रोल कमी पिणारी असली की बस."

जुलैत पहिली गाडी बघितली. मदन महलला शालिग्रामजी म्हणून एक निवृत्त मास्तर राहतात, त्यांची. दवाखान्यातून परतताना गेलो, म्हणून अंजनी सोबत होती. राखाडी रंगाची, लहानशी, पण उंच गाडी. अंजनी न वाकता आत बसली, मान मागे टेकली आणि तिनं डोळे मिटले.

"हीच घ्या," ती म्हणाली.

मी इंजिन चालू केलं, कान लावला, मग खाली वाकून बघितलं. फरशीवर तेलाचा एक थेंब पडला होता. मी खिशातून डायरी काढली आणि लिहिलं : नापास. तिला म्हटलं, तेल गळणारी गाडी मी दारात उभी करणार नाही. ती उतरली.

त्यानंतर तिला कुठेच नेलं नाही. बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं, असंच माझ्या मनात होतं, आता लपवून काय करू. दोन महिन्यांत आणखी तेरा गाड्या बघितल्या. एकीचा क्लच घसरत होता, एकीला कुठेतरी ठोकून नवा रंग दिला होता, एक थेट मझौलीला जाऊन बघितली तर तिची चारही चाकं घासलेली. दिवाकर म्हणायचा, "बाबा, ट्रक नाही घेऊन राहिले आपण." मी त्याला गप्प बसवायचो.

आता वाटतं, मला भीती वाटत होती. डॉक्टरांनी अंजनीचे रिपोर्ट पुढे ठेवले तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. गाड्यांना नाही म्हणणं तेवढं हातात होतं. पण हे शहाणपण मागाहूनचं.

पितृपक्षातल्या त्या सोमवारी अंजनी अंग दुखतं म्हणाली आणि डायलिसिसला गेली नाही. बुधवारी तिचे पाय टम्म सुजलेले, चेहरा फुगलेला, चार शब्द बोलली की धाप.

"चल, दहाची पाळी आहे," मी म्हणालो.

"मी येत नाही."

"काहून?"

"बस झालं आता."

मी आवाज चढवला. ती थांबत थांबत बोलली.

"शुक्रवारी तुम्ही रांझीला गाडी बघायला गेले होते. मी एकटी आली. ऑटोत उलटी झाली मला. त्यानं भर चौकात थांबवलं. म्हणे, माताजी, सीट साफ करो. बाटलीतलं पाणी टाकून पदरानं पुसली मी. लोक बघून राहिले होते."

"मला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही आले ते क्लचचंच सांगून राहिले होते. अर्धा तास." तिनं श्वास घेतला. "आणि मला समजते हो. दोन-चार महिने उरलेल्या बाईसाठी कोण गाडी घेईल? तुम्ही बरोबरच करून राहिले. पण ऑटोत मी आता बसत नाही."

दिवाकरला फोन केला. तो तसाच निघाला, पण कुंडमहून पोचायला त्याला सव्वा तास लागणार. अँब्युलन्स म्हटलं तर अंजनीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी चपला घातल्या आणि मिळेल त्या ऑटोनं मदन महल गाठलं.

राखाडी गाडी तिथेच उभी होती. मला वाटलं, देव पावला.

"वो तो बिक गई," शालिग्रामजी म्हणाले. "बयाना भी ले लिया. पार्टी पितृपक्ष में गाड़ी नहीं उठाएगी. सोमवार को नवरात्रि बैठेगी, तब ले जाएगी."

मी त्यांच्या पायरीशी गेलो. मग हात जोडले. आयुष्यात मी कोणापुढे असे हात जोडले नव्हते.

"सोमवार तक के लिए दे दीजिए. मेरी पत्नी मर जाएगी."

"आप तो इसको फेल करके गए थे."

"गलती हुई मुझसे, मास्टर साहब."

ते आत गेले. मला वाटलं संपलं. बाहेर आले ते किल्ली घेऊन. "पितरों के दिन हैं," ते म्हणाले. "दरवाजे पर आए को ना कैसे बोलें. जाइए, देर मत कीजिए."

घरापुढे हॉर्न दिला. अंजनी भिंत धरत धरत दारापर्यंत आली.

"पितृपक्षात गाडी आणली?"

"तू आधी बस."

ती बसली. तिच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती. मी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, खड्डे चुकवत चाललो होतो. न बोलता राहिलो असतो तर तिला वाटलं असतं, गाडी आपलीच झाली. पण आता तिला फसवायचं नव्हतं. सांगितलं, गाडी विकली गेली आहे, मागून आणली आहे, सोमवारी परत द्यायची. "आणि दोन-चार महिने म्हणू नकोस," मी म्हणालो, "माझ्याच्यानं ऐकवत नाही."

ती खिडकीबाहेर बघू लागली. मला वाटलं, मी ही संधीही घालवली.

दवाखान्याच्या फाटकावर चाकांची खुर्ची आली. तिला उतरवून बसवलं. खुर्ची वळवणाऱ्याला तिनं हातानं थांबवलं.

"सोमवारपर्यंत आहे का ही?"

"हो."

"मग उद्या मला हिच्यातून दुसऱ्या गाड्या बघायला घेऊन चला. मी बसून बघीन, कोणती बरी ते. तुमची डायरी घरी ठेवा."

खुर्ची आत गेली. मी गाडीला टेकून रडलो, अगदी मोठ्यानं. लोक बघत होते, बघोत.