पंचमीचा चर

साइटवर सगळे त्याला नागोबा म्हणत. खोदाईचं पोकलेन चालवणारा हा माणूस अंगात ताप असला तरी कामावर हजर असायचा, पण नागपंचमीला मात्र सुट्टी म्हणजे सुट्टी. त्या दिवशी जमीन खणायची नाही, चिरायचं-कापायचं नाही, हा त्याच्या आईचा नेम होता. बाकीची माणसं असा नेम घरच्या घरी पाळून मोकळी होतात. पण खणणं हाच ज्याचा धंदा, त्याला घरी बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"काय नागोबा, उद्या बिळातच ना?" मुकादम दरवर्षी विचारायचा.

"बिळातच," तो म्हणायचा आणि हसण्यावारी न्यायचा.

त्याचा स्वतःचा विश्वास होता असंही नाही आणि नव्हता असंही नाही. मशीनवर बसायला लागला त्या पहिल्याच वर्षी बकेटच्या दातांखाली एक साप आला होता. दोन तुकडे मातीबरोबर वर आले आणि बराच वेळ वळवळत राहिले. ते त्याने घरी कधी सांगितलं नाही. सुट्टी मात्र तेव्हापासून बिनतक्रार घ्यायला लागला.

त्या साली रस्त्याकडेने पाण्याची मोठी लाइन टाकायचं काम चाललं होतं. चर दीड पुरुष खोल होता, माती पावसाने भिजलेली. आदल्या दिवशी मशीन बंद करून तो मुकादमाकडे गेला.

"उद्या खोदाई बंद ठेवा. माती धरत नाहीये."

"तारीख डोक्यावर बसलीय रे. बदली माणूस बोलावलाय."

"मग त्याला सांगा, कडा उतरत्या काप. आणि काढलेली माती काठावर टाकू नको म्हणावं."

मुकादमाने मान हलवली. फोनवर बोलताना माणूस हलवतो, तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाटावर चंदनाने नाग, नागीण आणि त्यांची पिल्लं काढत बसली होती. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं सापडली, ती कहाणी ती दरवर्षी सांगायची. यंदा सुनेला सांगत होती. चूल पेटली होती, पण तवा चढणार नव्हता. इतक्यात त्याचा फोन वाजला.

"चर बसला," मुकादमाचा आवाज ओळखू येत नव्हता. "फिटर आत आहे."

पाइप जोडणारा फिटर. सहा वर्षं दोघं एकमेकांच्या डब्यात हात घालून जेवत होते.

त्याने चपला अडकवल्या. आईने मान वर केली. "कुठे निघालास? पूजा व्हायचीय."

"चर ढासळलाय. आत माणूस अडकलाय."

"खणावं लागेल?"

"लागेल."

बायकोने गाडीची किल्ली आधीच हातात आणून दिली होती. आईने बोट पुन्हा चंदनात बुडवलं आणि अर्धवट राहिलेलं पिल्लू पुरं करू लागली. हा होकार की नकार, ते विचारायला तो थांबला नाही.

साइटवर नुसता गोंधळ होता. चराच्या भिंती सरळसोट कापलेल्या, मातीचा ढीग बरोब्बर काठावर. फिटर छातीपर्यंत गाडला गेला होता, तोंड राखेसारखं. बदली ड्रायव्हर मशीनवर बसला होता आणि बकेट खाली न्यायच्या बेतात होता.

"उतर खाली! हात लावू नकोस कशाला."

तो स्वतः चढला. मशीन इंच इंच मागे घेतलं, दुरूनच हात लांबवून काठावरचा ढीग ओढून बाजूला केला आणि इंजिन बंद केलं. त्या धडधडीनेच वरचा काठ सुटत होता. समोरच्या सुताराच्या दुकानातून फळ्या मागवल्या, दोन्ही भिंतींना लावल्या, मध्ये आडवे वासे ठोकले. मग शिडी लावून खाली उतरला.

"सुट्टी होती ना तुझी?" फिटर कसाबसा बोलला.

"गप बस. श्वास जपून घे."

आधी फावडं चालवलं. कमरेपर्यंत आल्यावर फावडं टाकून हातांनी उकरायला लागला. वरून दोघंजण घमेल्याने माती ओढत होते. अग्निशामक दल आलं, त्यांनी आणखी टेकू दिले, डॉक्टरने आत उतरून सलाइन लावली. पाइप उजव्या पायावर आडवा पडला होता. सगळं मिळून पावणेदोन तास लागले.

दुपारी तो घरी आला तेव्हा नखांत माती होती. आईने पूजा उरकून घेतली होती.

"जगला?"

"जगला. पायाचं काय होतं, ते बघायचं."

"खाली काही सापडलं नाही ना? म्हणजे, जीव-जिवाणू?"

"खाली फिटर सापडला, आई." तो मोरीकडे गेला, हात धुता धुता थांबला. "मी तिथे असतो तर चर पडलाच नसता."

पुढचे आठ दिवस मायलेकांचं बोलणं कामापुरतं झालं. नवव्या दिवशी आई म्हणाली, "मला त्या फिटरला बघायचंय."

दवाखान्यात फिटर पाय वर टांगून पडला होता. त्यांना बघून हसला. "मावशी, तुमच्या नागोबाने उकरून काढलं मला."

आई हसली नाही. खुर्ची जवळ ओढून बसली. "खरं सांग. हा कामावर असता तर?"

फिटरने त्याच्याकडे बघितलं. त्याने नजर खिडकीकडे वळवली.

"तर मी इथे नसतो, मावशी," फिटर म्हणाला.

आईने मान डोलावली आणि आणलेली फळं चिरायला घेतली.

पाय वाचला, पण लंगडा झाला. फिटरला गोदामात बसतं काम मिळालं.

पुढल्या वर्षी पंचमीच्या आदल्या संध्याकाळी तो सुट्टीचं सांगायला फोन हातात घेऊन बसला होता. आईने तिथल्या तिथे अडवलं.

"उद्या जा तू."

"आणि नेम?"

"नेम खणायचा नाही, असा आहे. घरी बसायचं, असं कुणी सांगितलं? मशीनला हात लावू नकोस. पण माणसं आत उतरणार असतील तर तू तिथे हवास."

"हे मुकादमाला कसं सांगू?"

"आण तो फोन. मी सांगते."

आणि तिने सांगितलं. पलीकडून मुकादम बराच वेळ नुसतं "हो मावशी, हो" करत होता.

दुसऱ्या दिवशी खोदाई झाली नाही, फक्त जोडाजोड. सकाळी कुणी आत उतरायच्या आधी तो एकटाच शिडीने चरात गेला. फळ्या एकेक करून थोपटून पाहिल्या, वासे हलवून पाहिले. एका फळीला चीर दिसली. ती बदलेपर्यंत त्याने कुणाला खाली येऊ दिलं नाही.