आधी मला शेका

मी एक जुनी हलगी आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे, मित्रांनो, नीट ऐका! कागलच्या पिराजीनं मला बकऱ्याच्या कातड्यानं मढवलं. कुस्तीच्या मैदानात मी कडाडले की दमलेला पैलवानही मांडी थोपटत उठायचा.

पिराजीचा लेक कृष्णात नोकरीसाठी बर्मिंगहॅमला गेला, तो मला सोबत घेऊनच. तिथं शेजारच्या डेल्रॉय आणि मार्सियाचा रेगे बँड होता, त्यात कृष्णात मला वाजवू लागला. रेगे म्हणजे जमैकाकडच्या लोकांचं गाणं. वरून संथ, आत निखारा. त्यात पहिला ठोका म्हणे रिकामा सोडायचा! आमच्याकडं असं केलं तर पैलवान घरी निघून जाईल. पण शिकले मी.

तिथल्या गारठ्यात माझं कातडं ढिलं पडायचं. मग कार्यक्रमाआधी गाडीमागं लोखंडी बादलीत कोळसे पेटायचे आणि सगळे मला शेकत बसायचे. मार्सियाचा रुसवा, डेल्रॉयचा तोरा तिथंच वितळायचा. ते मऊ व्हायचे, मी ताठ व्हायची. तळघरात वाजवणारे आम्ही हजारोंच्या गर्दीपुढं पोचलो.

नाव झालं आणि सवड संपली. डेल्रॉयनं माझा आवाज यंत्रात भरला. बटण दाबलं की मी! बादली गंजली. बोलणं स्टेजपुरतं उरलं. शेवटी मार्सिया रागानं निघून गेली, बँड मोडला, आणि कृष्णात मला घेऊन कोल्हापूरला परतला. तेव्हापासून मी भिंतीवर खिळ्याला. गल्लीत दुसरी हलगी वाजली की जीव नुसता तळमळतो. लोक माझे फोटो काढतात. फोटोनं कातडं तापतं होय?

आज डेल्रॉय दारात उभा. "एकदा वाजवू या," म्हणाला.

"बटण दाब की," कृष्णात म्हणाला.

दोघांपुढं ठेवलेल्या चहावर साय धरली.

कृष्णातची बायको क्रांती पेटती शेगडी अंगणात ठेवून ओरडली, "पावणं, भांडायचं असंल तर भांडा की! पर आधी हिला शेका, दोघांनी धरून. मला सैपाक हाय."

डेल्रॉयला शब्द कळले नाहीत, शेगडी कळली. त्यानं फुंकर घातली आणि सगळी राख कृष्णातच्या मिशीवर. कृष्णातला हसू आवरेना.

"मार्सिया कशी आहे?" त्यानं विचारलं.

"तिनंच पाठवलंय मला."

मित्रांनो, तुमच्या घरी खिळ्याला टांगलेलं वाद्य असेल तर आजच उतरवा. आणि ज्यांच्यासोबत वाजायचं, त्यांच्यासोबत आधी शेकायला बसा. ढिलं कातडं तापतं. फाटल्यावर मात्र इलाज नाही.

तिकडं पहिला ठोका घालायचा की सोडायचा, यावर दोघं पुन्हा भांडायला लागलेत. भांडा बाबांनो, पण लवकर. मी तापलेय!