काचेवरची तीट

धर्माचा नजरेवर विश्वास नव्हता आणि हे तो प्रभादेवीच्या अख्ख्या आळीला ऐकवून बसला होता. संपात त्याची गिरणी बंद पडली तेव्हा गिरणीला कुणाची तरी नजर लागली, असं त्याची बायको काशीबाई म्हणाली होती. मालकाची लागली, दुसऱ्या कुणाची लागणार, असं म्हणून धर्माने कितीतरी दिवस तिची फिरकी घेतली. पुढे घर चाललं ते तिच्या मासळीच्या पाटीवर. धर्माचं बोलणं काही कमी झालं नाही, हसणं मात्र गेलं.

आता लेक लतिका मस्कतला होती आणि तिला मुलगी झाली होती. जाताना तिने घरात कॉम्प्युटर घेऊन ठेवला होता, त्यावर रविवारी नात दिसायची. काशीबाईला ही नात बाजारात दाखवायची होती. शेजारी बसणारी गुणवंती आपल्या नातवाचा फोटो येत्याजात्या गिऱ्हाइकाच्या नाकाखाली धरायची आणि काशीबाईचा जीव नुसता जळायचा. लतिका फोटो पाठवते म्हणायची आणि बाळाच्या धबडग्यात विसरायची. शेवटी तिनेच बापाला शिकवलं: मी बोलत असताना कीबोर्डवरची अमुक कळ दाबा, मग पेंट उघडून त्यात पेस्ट करा, दिसतं ते सगळं तिथे उमटेल.

रविवारी नात दिसली, पण गालावर तीट नव्हती. डॉक्टरांनी काजळ नको म्हणून सांगितलं होतं. काशीबाईने वाद घातला नाही. तिने डबी आणली, बोट बुडवलं आणि थेट काचेवर, नातीच्या गालाच्या जागी, तीट लावली. नातीने मान वळवली आणि तीट नाकपुडीवर गेली. काशीबाईने पदराने पुसून पुन्हा लावली. धर्मा हसून हसून खोकायला लागला आणि त्या हसण्यातच त्याने कळ दाबली.

लतिका पडद्यावरून गेल्यावर त्याने पेंट उघडलं. नात आली, पाळणा आला, तीट काही आली नाही. ती काचेवरच होती, पंख्याच्या वाऱ्यात वाळत.

कागदावर छापून आणतो, मग हवी तेवढी लाव, असं धर्माने सुचवलं. पण छापणार कोण? नाक्यावरचा दुकानवाला. म्हणजे बिनातिटेची पोर आधी तोच बघणार. असा फोटो घराबाहेर जाणार नाही, असं काशीबाईने सांगितलं आणि ती हिरमुसून आत जाऊन बसली. मग गुणवंतीपुढे उद्याही गप्पच बसायचं होतं. धर्माला वाईट वाटलं. सारी हयात पाटी वाहिलेल्या बाईने मागून मागून मागितलं काय, तर एक काळा ठिपका.

त्याने पेंटमधला ब्रश शोधला. गिरणीत तुटला धागा चुटकीसरशी जोडणारा त्याचा हात माउसवर लटपटत होता. पहिली तीट पाळण्याला लागली, दुसरी एवढी मोठी झाली की नातीला मिशी आल्यागत दिसायला लागली. खोडत, पुसत एकदाची ती गालावर बसली. मग त्याने बायकोला हाक मारली.

काशीबाईने जवळ येऊन नीट पाहिलं. बोलणं चाललं की कोपऱ्यात आपलीही छबी दिसते, ती त्या चित्रातही आली होती. तिथे धर्मा तोंडभर हसत होता.

"आता यांना पन लावा," त्या छबीवर बोट ठेवून ती म्हणाली.

"मला म्हाताऱ्याला कोण नजर लावतंय?"

"संपापासून असं हसताना बघितलं नाय तुमाला," काशीबाई म्हणाली. "माझीच लागंल."

धर्माने चष्मा पुसला, माउस धरला आणि आपल्या गालावर, नातीच्यापेक्षा जरा मोठीच, तीट लावली.