वरचा थर

डार्लीन वॉयटोविचने बावीस वर्षं कॅनोला या तेलबीच्या लॅबमध्ये काढली होती. कुटलेलं बी क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये घुसळायचं, पाणी घालून स्थिर ठेवायचं, की दोन थर होतात. खाली तेलकट, वर पाणचट. वरचा ओतून द्यायचा, खालचा जपायचा. ती लॅब बंद पडली आणि कॅनडातल्या त्याच सॅस्काटून शहरात जनावरांचे रोग तपासणाऱ्या लॅबमध्ये तिला काम मिळालं. हात मात्र तेच राहिले. हातांना नोकरी बदलल्याचं कोण सांगणार?

पहिल्याच आठवड्यात कोकराच्या मेंदूचा अक्रोडाएवढा तुकडा आला. पाठवणाऱ्या व्हर्ना क्लासेन सत्तरी ओलांडलेल्या, चार शिंगांच्या मेंढ्या पाळणाऱ्या. वर्षभरात त्यांची दोन कोकरं अडखळत, आंधळी होत मेली होती. दोन्हींचा बाप एकच, ओटो. शुक्रवारी ओटोला चाळीस मेंढ्यांत सोडायचं होतं, आणि त्याच्या रक्ताचा अहवाल यायला तीन आठवडे होते. कोकराचं बाकीचं शव जाळून टाकलेलं. तुकडा तेवढा एकच.

गुरुवारी डार्लीनने तो आणि एका निरोगी कोकराचा तुकडा घुसळला, थर बसू दिले आणि वरचे दोन्ही थर सराईतपणे टाकाऊ द्रवाच्या बरणीत रिकामे केले. खालचे काचेच्या प्लेटवर चढवले; तिथं त्यांतले घटक सुटे होऊन पट्ट्यांच्या ओळी उमटतात. दोन्ही ओळी अगदी सारख्या आल्या.

"निरोगी दिसतंय गं," ती खुशीत म्हणाली.

लॅबची प्रमुख इंग्रिड प्लेटवर वाकली. "हा कुठला थर?"

"खालचा. वरचा फेकला."

इंग्रिड मटकन स्टुलावर बसली. "अगं बाई! आपल्याला हवी ती चरबी निराळी. तिला साखरेची माळ जोडलेली असते. पेशी चरबीचं टोक आपल्या सालीत रोवते आणि माळ बाहेर ठेवते. शेजारच्या पेशी तिला त्या माळेवरून ओळखतात. मेंदूतल्या माळा तर एवढ्या गोड, की ती चरबी तेलाकडे जातच नाही, पाण्याकडे पळते."

"आणि रोग?"

"माळ एकेक मणी ओवून बनते, मोडतेही एकेक मणी काढून. त्यातला एक मणी काढणारं एन्झाइम नसलं की काम तिथंच अडतं. अर्धवट माळा साचून मेंदू फुगतो."

"म्हणजे आख्खा रोगच मी ओतून दिला." डार्लीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणखी पाच मिनिटांत तिने व्हर्नाबाईंना 'निर्दोष' असा फोन केला असता.

ती बरणीकडे बघत राहिली. "ही मी सकाळीच धुतली होती. आत हे दोनच आहेत."

"पण मिसळलेत ना! कोणाचं काय, कसं कळणार?"

"निरोगी मेंदूत ती अर्धवट माळ किती असते?"

"नसल्यासारखीच."

"मग मिसळू देत. दिसली, तर आजारी कोकराचीच."

इंग्रिड उठली. दोघींनी बरणीतलं सगळं आटवलं, नव्या प्लेटवर चढवलं, शेजारी त्या अर्धवट माळेचा ओळखीचा नमुना लावला. रंग आणणारा फवारा मारून प्लेट तापवली. नेमक्या त्या नमुन्याच्याच उंचीवर जाड जांभळा पट्टा उमटला.

"फोन मीच करते," डार्लीन म्हणाली.

पलीकडे वारा घोंघावत होता. "रोग आनुवंशिकच आहे, व्हर्नाबाई. कोकराला तो आईकडून आला, तसाच ओटोकडूनही; ओटो स्वतः ठणठणीत असला, तरी पिलांत तो उतरवू शकतो. आणि आणखी एक. तुमचा नमुना मी आधी चुकून टाकून दिला होता. ओटो निर्दोष आहे असं सांगायला निघाले होते."



"कधी?"

"तासाभरापूर्वी."

"तासाभरापूर्वी मी त्याला दोर बांधत होते," व्हर्नाबाई सावकाश म्हणाल्या. "उद्या बर्फ आहे म्हणतात, म्हटलं आजच सोडावा. फाटकाच्या कडीवर हात आहे माझा." कडी परत लागल्याचा आवाज आला. "बाटलीने वाढवलाय गं मी त्याला."



"चल रे ओटो," पलीकडून ऐकू आलं. "माघारी फिर. घरी जाऊ."